हसनचाचांचं शून्य

प्रिय हसनचाचा,

आज आपली नाव चालली. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितोय. लोक तिखटमीठ लावून सांगतात.

आठवतं का, भंगारात निघालेल्या मालवाहू जहाजाची ही लाइफबोट तुम्ही इथे आखातात, अजमानला कशी आणलीत? लाकडी, दोन्ही टोकांना निमुळती, पोटात एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. यार्डवाले फळ्या जाळायला निघाले होते. तुम्ही आत जाऊन बसलात आणि म्हणालात, "जाळा आता."

तुम्ही अल्लाघरी गेलात आणि इंजिन रुसलं. मी कॉलेजात शिकलो नाही, पण माझ्या हातून इंजिन सुरू झालं नाही असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. इथे नुसता पांढरा धूर. ज्या बोट क्लबात नाव ठेवलीये, त्याच्या मॅनेजरने आज दुपारपर्यंत मुदत दिली होती. "नहीं तो खलास, भाई. इंजिन निकालो. इसमें फूल लगाएंगे, गेट पे रखेंगे."

लाइफबोटीत झेंडू? तुम्हाला चाललं असतं?

सकाळी तुमची नसरीन डबा घेऊन आली. मी तिला ऐटीत समजावलं, "इंजिनच्या चाकावर चाचांनी रंगवलेला हा गोल म्हणजे अरबी पाच, अरबीत तो असाच लिहितात. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर पोचायला चाकाचे पाच अंश बाकी आहेत, अशी खूण. त्यावरूनच मी डिझेल फवारायची वेळ बांधलीये."

ती वाकून बघत राहिली. "सुधाकरभाई, हे पाच नाही. शून्य आहे."

"अरबी शून्य म्हणजे नुसतं टिंब असतं."

"अब्बा रत्नागिरीच्या मराठी शाळेत शिकले. माझ्या गणिताच्या वहीत असली पुष्कळ काढलीत त्यांनी. मी ओळखणार नाही?"

म्हणजे दट्ट्या अगदी वर पोचला, याचीच ती खूण. माझं डिझेल पाच अंश उशिरा पडत होतं! चाचा, इतकी वर्षं या किनाऱ्यावर काढून तुम्ही आकडे मराठीत का लिहीत होतात? आणि मला सांगितलं का नाहीत? मी विचारलं नव्हतं, हे मान्य.

डिझेलची वेळ पाच अंश आधी सरकवली, हँडल मारलं. नाव आधी खोकली, मग धडधडायला लागली. नसरीनने ओढणी तोंडावर धरली. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

तेवढ्यात मॅनेजर कुंड्या घेऊन हजर. "ये गमले किधर रखूँ?"

"आपके ऑफिस में," नसरीन म्हणाली.

तिला आता नाव चालवायला शिकायचंय. तर चाचा, वचन देतो. येत्या शुक्रवारी सुकाणू तिच्या हातात असेल. मी इंजिनापाशी गप्प बसेन आणि तिच्यावर ओरडणार नाही. निदान खाडीच्या तोंडापर्यंत तरी.

तुमचाच,
सुधाकर