आईंना आधी कोणतं ऐकवायचं

९ डिसेंबर २०२५

झालं ऑपरेशन. मोतीबिंदू, डावा डोळा. संघदीप आईंना गोंदियाच्या दवाखान्यातून थेट इकडे घेऊन आला, तिरोड्याला. महिनाभर आमच्याकडे. ६ डिसेंबरच्या आधी करायला तयारच नव्हत्या — विहारात कोण जाईल म्हणे.

डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, टीव्ही नाही, मोबाइल नाही. आई त्यांच्या तोंडावर — "मंग श्वास घेऊ का तोबी नको?"

संघदीप खूश आहे. त्याची आई आहे, असणारच. मी? इथे तरी खरं लिहिते — मला टेन्शन आलं आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, आई आमच्याकडे दोन रात्रींच्या वर कधी राहिल्या नाहीत. लग्नाच्या वेळी मीच म्हटलं होतं, सासरी दवनीवाड्याला नाही राहणार, माझी लॅबची नोकरी तिरोड्यात आहे. त्या फक्त "बरं" म्हणाल्या. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे — जेवली? हो. तुम्ही? हो. संपलं.

११ डिसेंबर

ड्रॉप्स, ड्रॉप्स, ड्रॉप्स. दुपारी लॅबमधून पळत घरी येते, टाकते, पळत परत. आई डोळा वर करून बसतात.

१३ डिसेंबर

आज गंमत झाली. भांडी घासत होती, कानात इअरफोन. मागून आवाज — "कानात काय कोंबून राह्यते वं तू दिवसभर?"

म्हटलं, गाणी.

"कोनाची?"

आता काय सांगू! फोक रॉक म्हटलं तर काय समजणार. म्हटलं, आपली शेतातली, जत्रेतली गाणी असतात ना, तशी — पण गिटारवर, ड्रमवर. वेगवेगळ्या देशांतली.

"मंग लाव ना. डाक्टरनं पाहू नको म्हनलं. ऐकू नको कुठं म्हनलं?"

उद्या लावते म्हणून वेळ मारून नेली. कारण लावायचं कोणतं? नागपूरच्या होस्टेलमध्ये मैत्रीण पिंकीने मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होती, मला काहीही चाललं असतं. आई साठीच्या पुढच्या. भीमगीतं, विहारातली वंदना, धानाच्या रोवणीची गाणी, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतली रात्रभराची दंडार — त्यांचे कान यावर घडलेले. पहिलंच चुकलं तर परत कधी विचारणार नाहीत.

१४ डिसेंबर

नोरा केलिन लावली. 'विंटर ऑर्चर्ड'. विचार केला होता — नवीन माणसाला हेच बरं. एक बाई, एक गिटार, मधेच माउथ ऑर्गन. ड्रम नाहीत, गोंधळ नाही. होस्टेलमध्ये याच अल्बमवर किती रडली आहे मी!

एक इअरफोन आईंच्या कानात, एक माझ्या. पहिलं गाणं संपलं. दुसरं संपलं. तिसऱ्याच्या मध्ये आईंनी विचारलं, "हिचं कोन मेलं?"

कोणी नाही, म्हटलं.

"मंग कायले रडून राह्यली?"

मला हसूच आवरेना. आई पण हसल्या. डोळ्यावर जोर येईल म्हणून तोंड दाबून हसत होत्या. असं हसताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

१६ डिसेंबर

आज 'माटीर तार'. बंगालची पोरं, एकतारा आणि बास गिटार एकत्र. 'नदीर ओ बांक' हा अल्बम. पिंकी म्हणायची, नवीन माणसाला यातलं शेवटचं गाणं आधी द्यावं, मग पहिलं. मी तसंच केलं.

आई गप्प ऐकत राहिल्या. मग — "भाषा समजत नाही. पन हा मानूस कुठंतरी चालत जाऊन राह्यला ना?"

तसंच आहे ते गाणं! चालणाऱ्या माणसाचंच.

मग स्वतःहून सांगत बसल्या. सासरे — शालिकरामबाबा — जिवंत होते तेव्हा दोघं पायी मंडईला जायचे, दंडार पाहून पहाटे परत. नऊ वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं कधी?

१९ डिसेंबर

सागवान एक्स्प्रेस!! मी उगाच घाबरत होती. नागपूरचा बँड, इलेक्ट्रिक गिटार, ढोल, वर तो फाटका आवाज. 'चौथा फाटा' हा त्यांचा पहिला अल्बम. मी आवाज कमी ठेवला होता. आई म्हणाल्या, "वाढव."

वाढवला.

"अजून."

रोवणीच्या चालीवरचं एक गाणं आहे त्यात. ते सुरू झाल्यावर आईंची बोटं गुडघ्यावर चालू लागली. संपल्यावर म्हणाल्या, "लय घाई करून राह्यले हे. इतक्या घाईनं रोवलं तं धान वरच तरंगंल." आणि लगेच — "परत लाव."

संघदीप ड्युटीवरून आला, दारातच उभा. आम्ही दोघी पलंगावर, मधोमध वायर. म्हणाला, "हे काय चाललंय?" आई म्हणाल्या, "तुले नाही समजनार."

२२ डिसेंबर

आता रोजचंच झालं आहे. दुपारचे ड्रॉप्स, मग डोळे मिटून एक गाणं, मग मी लॅबला. लॅबमधल्या सरांनी आज टोकलं — मॅडम, जेवणाची सुट्टी लांबून राहिली. लांबू दे.

सागवानचा दुसरा अल्बम आईंना आवडला नाही. "इथं त्याइले शहर लागलं." खरं आहे. मी हे चार वर्षं कोणाला तरी सांगायला शोधत होती.

२५ डिसेंबर

सागवान एक्स्प्रेस गोंदियाला येत आहे! ३ जानेवारी, कॉलेजच्या मैदानावर, संध्याकाळी. पिंकीचा फोन आला — नागपूरहून गाडी घेऊन येते, तिच्या ऑफिसच्या दोघी पण आहेत, तू यायचंच!

आनंदात आईंना सांगून बसली. त्या म्हणाल्या, "खरोखरचे येतेत? ढोल घेऊन?" म्हटलं, हो.

पुढे काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

३० डिसेंबर

संघदीपची ३ तारखेला सेकंड शिफ्ट. आईंना काय सांगायचं ते ठरत नाही. घेऊन जाऊ? गर्दी, धूळ, डोळा. डॉक्टर ओरडतील. हे सगळं खरंच आहे.

पण खरं कारण हे नाही. पिंकी आणि तिच्या त्या मैत्रिणी, जीन्स, गॉगल — आणि त्यांच्यात मी, सोबत पातळ नेसलेली, डोळ्यावर हिरवट काळा चष्मा लावलेली सासू. एका संध्याकाळी मला कोणाची सून व्हायचं नाही. एवढं पण मागू नये का मी?

२ जानेवारी २०२६

सांगितलं. लॅबचा कॅम्प आहे गोंदियाला, यायला उशीर होईल. शेजारच्या काकू ड्रॉप्स टाकतील.

आई म्हणाल्या, "बरं."

३ जानेवारी

मस्त झालं. नाचली. घसा बसला आहे. रोवणीचं गाणं त्यांनी सर्वांत शेवटी घेतलं, आणि अख्खं मैदान —

नाही लिहावंसं वाटत.

४ जानेवारी

सकाळी चहा घेताना संघदीप मोबाइल पाहत होता. पिंकीने व्हिडिओ टाकलेला, त्यात मी. मी आईंना कॅम्प सांगितला हे त्याला माहीतच नव्हतं, तो हसायला लागला. "अरे, ही तर अल्का! आई, पाहा, पाहा, कशी नाचून राहिली!"

मी गॅसजवळ उभी.

आईंनी मोबाइल हातात घेतला, उजव्या डोळ्याजवळ धरला. पूर्ण पाहिला. शेवटपर्यंत. परत दिला.

"गानं चांगलं झालं," म्हणाल्या.

बस. एवढंच. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर!

दुपारी ड्रॉप्स टाकल्यावर इअरफोन पुढे केला. "आज राहू दे. डोकं दुखून राह्यलं."

५ जानेवारी

गेल्या. संघदीपला सकाळीच म्हणाल्या, मले गावाले सोडून दे. डॉक्टरांची मुदत अजून बाकी होती. संघदीप माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हणायला पाहिजे होतं — आई, राहा. तोंडापर्यंत आलं. म्हटलं काय? ड्रॉप्स वेळेवर टाका.

९ जानेवारी

नोराचा नवा अल्बम आला आहे. आईंच्या मोबाइलवर लिंक पाठवली. खाली लिहिलं — यात कोणी मेलेलं नाही.

पाहिलं नाही.

१७ जानेवारी

अजून तीन पाठवली. एक राजस्थानचं, सारंगी आणि ड्रम्स. एक 'माटीर तार'चं जुनं. एक माझंच आवडतं. नुसत्याच लिंका. शब्द काय लिहू?

संघदीपने विचारलं, तुमचं काही झालं का? म्हटलं नाही. आता त्यालाही खोटं.

२८ जानेवारी

दुपारी घरी येते. ड्रॉप्स टाकायचे नाहीत तरी येते. सवय. पलंगावर बसते, सागवान लावते. दुसरा इअरफोन तसाच लोंबत राहतो. ऐकवत नाही. परत लॅबला जाते. सर खूश, म्हणतात आता वेळेवर येऊन राहिल्या.

८ फेब्रुवारी

उजवा डोळाही करायचा आहे. आईंनी संघदीपला फोनवर सांगितलं — यावेळी रायपूरले करतो, रत्नपालकडं.

रत्नपाल म्हणजे माझे मोठे दीर. त्यांच्याकडे आई दोन वर्षांत गेल्या नाहीत. जाऊबाईंशी त्यांचं जमत नाही, साऱ्या घराला माहीत आहे. तरी रायपूर.

संघदीप म्हणाला, दादाकडे पण राहायला पाहिजे ना तिने, हक्क आहे. मी हो म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन रडली.

१५ फेब्रुवारी

दवनीवाड्याला जाऊन आली. एकटी. बसमध्ये सगळं पाठ केलं होतं — काय बोलायचं, कसं बोलायचं. फाटकातच सगळं विसरली.

आई अंगणात खुर्चीवर बसून लाखोळीच्या शेंगा सोलत होत्या. चष्मा नाही. डोळा छान दिसत होता. "आली? बस. पानी घे."

बसली. पाणी घेतलं. मग एकदम बोलली — आई, त्या दिवशी कॅम्प नव्हता. मी खोटं बोलली.

"माहीत हाय ना."

तुम्ही रागावल्या.

"खोट्याचा कायले राग करू? मीबी माह्या सासूले सांगत होती, माहेरी जातो म्हनून. अन् जात होती मंडईले." सोलता सोलता बोलत होत्या, माझ्याकडे न पाहता.

मंग काऊन गेल्या? — मी त्यांच्याचसारखं विचारलं.

मुठीतले दाणे वाटीत टाकले. मग म्हणाल्या, "तू म्हनली ना, खरोखरचे येतेत म्हनून. मले वाटलं, दोघी जाऊ. संघदीपच्या लग्नातलं पातळ होतं गावच्या पेटीत. शेजारची काकू तिकडं गेली तं तिच्या हातून आनवलं, इस्त्री करून ठेवलं होतं."

मी एक शेंग उचलली, सोलायला लागली.

"मंग तू कॅम्प म्हनली. म्हनलं, बरं. पातळ पुन्हा घडी केली. तुह्या बाजूनं तुहं बरोबरच हाय, म्हातारीले कुठं घेऊन फिरशील."

तसं नाही आई, म्हटलं. पण तसंच होतं. त्यांना ते कळत होतं, मलाही.

रायपूरला नका जाऊ, इथे करू, मी सुट्टी घेते — हेही म्हटलं. उशिरा म्हटलं. "रत्नपालनं तारीख घेऊन ठेवली. आता त्याले नाही कसं म्हनू."

निघताना शेंगांची पिशवी दिली. फाटकापर्यंत आल्या नाहीत.

१६ फेब्रुवारी

कार्यक्रमाच्या त्या रात्री इथे घरातच ते पातळ होतं. कुठे तरी, त्यांच्या पिशवीत, माझ्याच कपाटाखाली. मी त्याच कपाटातून माझा कुर्ता काढला होता, गुणगुणत.

२० फेब्रुवारी

पिंकीचा फोन. सागवान मार्चमध्ये नागपूरला आहे, येते का? नाही म्हटलं. काऊन? सांगितलं नाही. तिचा काय दोष. तिला विचारलं असतं तर तीच म्हणाली असती, आण ना सासूला! मी तिलाही विचारलं नव्हतं. सगळं मीच माझ्याच डोक्यात ठरवून टाकलं होतं — कोण हसेल, कोण काय म्हणेल.

२४ फेब्रुवारी

आई काल रायपूरला पोचल्या. ऑपरेशन गुरुवारी. संघदीपला सुट्टी नाही. म्हणाला, दादा आहे, वहिनी आहे, काळजी नको.

मला कोणी विचारलं नाही. का विचारतील?

२६ फेब्रुवारी, रायपूर

सकाळच्या गाडीने आली. लॅबमध्ये फोन करून सुट्टी टाकली, संघदीपला गाडीत बसल्यावर सांगितलं. दवाखान्यात जाऊबाई दारातच — "तुले कोनं बोलावलं?" म्हटलं, कोणी नाही.

ऑपरेशन होऊन गेलं होतं. आई पलंगावर, उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा मिटलेला. "कोन आलं?"

मी, आई. अल्का.

मला वाटलं, आता म्हणतील, जा. जाऊबाई मागेच उभ्या होत्या.

मग हात पुढे करून माझं मनगट धरलं. "कोनी बोलावलं नाही तरी आली ना तू. डाक्टर उद्या सोडनार हाय. माही पिशवी रत्नपालच्या घरी हाय, भरून घेऊन ये. तुह्यासंगं येतो. दवनीवाड्याले नाही — तिरोड्याले. आता तिथंच राहाचं म्हनतो. पाहुनी म्हनून नाही. चालंल?"

मी उठून पिशवी भरायला गेली.