कुंडलचे सगळे मुलगे नोकरीला

सांगली,
दिवाळीनंतरचा रविवार, १९७४

ती. मावशी,

राजमतीचा जयजिनेंद्र आणि वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला? (दोघंही औषध घेत नसाल, हे धरूनच चालले आहे.) इथं आप्पा बरे आहेत, म्हणजे माझ्यावर ओरडण्याइतके ठणठणीत आहेत.

मावशी, सुटले गं एकदाची! दिवाळीपर्यंत प्रबंधाचं काम सरांना पसंत पडलं नाही, तर पुस्तकं माळ्यावर आणि तू सुचवलेलं फलटणचं स्थळ पक्कं, असं आप्पांनी बजावलं होतं. साखर कारखान्यातले केमिस्ट शांतिनाथ, फोटोत तोंड असं, जणू आत्ताच कुणी काढा पाजलाय! (रागावू नकोस.) माझा विषय तुला माहीतच आहे: वेगवेगळ्या समाजांत मुलं आपला व्यवसाय कसा निवडतात. त्यासाठी कुंडलला मराठा शेतकऱ्यांच्या घरी आणि सांगलीत आपल्या जैन व्यापाऱ्यांकडे तेच प्रश्न विचारायचे होते.

एकटी मुलगी परगावी कशी पाठवायची, म्हणून आप्पांनी सोबत आपल्या घरी कामाला असलेल्या बयाबाईला दिलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून, नाकात नथ घालून निघाली, आणि तिथंच घात झाला. आता तूच सांग, नथ घातलेली पोक्त बाई आणि वही घेतलेली मुलगी दारात येऊन विचारतात की मुलगा काय करतो, शेती किती, पुढचा विचार काय, घरात शब्द कुणाचा चालतो. कुंडलकरांनी काय समजावं? पहिल्याच घरी शालूबाईंनी आम्हाला पाटावर बसवून पोहे पुढं केले (मी कांदा वेचत बसले) आणि मुलाला, आकारामला, उसाच्या फडातून बोलावून, तोंड धुवायला लावून, टोपी घालून समोर उभा केला. बिचाऱ्याला सायकलचं दुकान टाकायचं होतं. तो तोंड उघडतोय तोच शालूबाई म्हणाल्या, "आवं, पलटणीत भरती झाल्यातच जमा हाय त्यो!" आम्ही पुढच्या घरी जाईपर्यंत बातमी आमच्या पुढं पोचलेली. मग काय, कुणाचा मुलगा मिलिटरीत, कुणाचा कारखान्यात, कुणाचा कलेक्टर कचेरीत. अख्ख्या गावात बेकार म्हणून एक माणूस सापडेना! बयाबाईला पहिल्या पोह्यांतच सगळा उलगडा झाला होता. परतीच्या एस.टी.त म्हणते कशी, "लय दिसांनी कुनी असं मानानं बसीवलं, ताई. कशाला मोडता घालू?"

सांगलीत मी शहाणपणानं बयाबाईला घरी ठेवलं, तर पेठेत उलटाच प्रकार. वही बघताच सगळ्यांना वाटलं, मी विक्रीकर खात्यात लागले. (मला फ्रॉकात असल्यापासून ओळखणारी माणसं ही!) हळदीच्या पोत्यांतून वाट काढत आत गेले, तर नेमिनाथशेठ म्हणाले, "धंदा कसला, संध्याकाळी दिवा लावायला बसतो झालं." मुलगा काय करतो? काही नाही. पुढं काय करणार? काहीच नाही. शेजारच्या दुकानांतही तेच. म्हणजे मराठ्यांत सगळे नोकरीला आणि जैनांत सगळे रिकामे! दोन समाजांतला एवढा फरक आजवर कुणाला सापडला नसेल.

सरांना खोटं सांगवेना. रडतरडतच सगळं सांगितलं. आता कागद फाडणार, अशी खात्री होती. तर सर टेबलावर डोकं ठेवून हसले. म्हणाले, "हेच लिहा. विचारणारा कोण वाटतो, ते बघून माणूस उत्तर देतो. एक प्रकरण झालं तुमचं. आता परत जा, आपण कोण ते आधी सांगा, आणि मग विचारा." सरांची पसंती ऐकून आप्पांनीही वर्षाची मुदत दिली. काय हायसं वाटलं म्हणून सांगू! काल कित्येक महिन्यांनी शांत झोपले.

तेव्हा फलटणला नकार कळवून टाक. गोड शब्दांत, तुला जमतं ते.

तुझी,
राजमती

ता. क. शालूबाईंचा बयाबाईला निरोप आलाय, पोरगी कवा दाखवताय. बयाबाई आता भाच्या आठवत बसली आहे.

आणखी ता. क. लोणच्याची बरणी पोचली. ती घेऊन शांतिनाथांनाच पाठवशील, असं वाटलं नव्हतं. (सांगलीला येणारं दुसरं कुणी मिळालंच नाही ना तुला?) आप्पा बाहेर गेलेले, म्हणून मीच पाणी दिलं आणि सवयीनं तेच प्रश्न विचारले. व्यवसाय स्वतः निवडलात? तर म्हणाले, "नाही हो, थोरल्या भावानं. मला नाटकाचे पडदे रंगवायचे होते. पुढं काय करायचं, अजून कळलेलं नाही." एवढी घरं पालथी घातली, त्यात धडधडीत खरं बोललेला हा एकच माणूस, आणि तोही मुलगी बघायला आलेला! वरचा नकार इतक्यात कळवू नकोस. वर्षभर थांबाल का, एवढंच विचार. तुझं म्हणून विचार हं, माझं नाव घेऊ नकोस. (घेतलंस तरी चालेल.)