गव्हर्नरची नऊ भोकं

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. यंत्रखोलीची जागा मला मिळणार आहे आणि जबाबदारीच्या माणसाकडे नोंदी असाव्या लागतात.

हकिकत अशी. हॉस्पिटलच्या आवारातलं गवत कापायचं छोटं मशीन बिघडलं आहे. चालू केलं की आवाज चढतो, उतरतो, परत चढतो. वूंऽऽ-उं-वूंऽऽ. मेट्रनबाईंची तक्रार आहे की पेशंट खिडकीतून विमान शोधतात. यंत्रखोलीचे मिस्त्री डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर, आणि महिनाअखेरीला रिटायर. साहेब म्हणाले, पंधरा तारखेला मी स्वतः बघायला येतो. एका सुरात चाललं तर यंत्रखोलीच्या किल्ल्या तुझ्याकडे. नाहीतर तू आहेसच पानं झाडायला.

'आहेसच' हा शब्द झोंबला. तीन वर्षं झाडतोय. झाडं थांबत नाहीत.

घरी ताईला सांगितलं, जागा पक्की. दाजी म्हणाले, ऑर्डर दाखव. दाजींचा स्वभावच तसा.

मंगळवार, ४
निदान झालं. दोष घाणीचा. अकरा वर्षं हे मशीन माळीणबाई चालवतात आणि अकरा वर्षांचं तेल, माती, गवत त्यावर थापून बसलं आहे. सगळं उघडलं. कार्बोरेटर धुतला. गव्हर्नर सुटा केला. हा भाग इंजिनचा वेग सांभाळतो: गवत दाट लागलं की पेट्रोल वाढवतो, विरळ लागलं की आवरतो. त्याच्या पट्टीला ओळीनं नऊ भोकं आहेत. त्यातल्या एकात स्प्रिंग अडकवलेली होती.

पट्टीवर कोणीतरी लाल नेलपॉलिश सांडलं होतं. यंत्रखोलीत नेलपॉलिश! डोकंच फिरलं. ब्लेडनं खरवडलं, रॉकेलनं पुसलं. पट्टी आरशासारखी झाली आहे.

बुधवार, ५
जोडणी. स्प्रिंग कुठल्या भोकात होती ते काल लिहायचं राहिलं. हात तेलकट होते, वहीला डाग पडला असता. मधल्या भोकात लावली. मध्य सहसा चुकत नाही.

मशीन आधी वूं-उं करत होतं. आता वूं करून खोकतं आणि बंद पडतं. माळीणबाई म्हणाल्या, काय इंजिनिअर, आधी नुसतं रडत होतं, आता उचक्याही लागल्यात!

इथे लिहून ठेवतो: ज्यानं त्यानं आपापलं काम बघावं.

गुरुवार, ६
मिस्त्रींना फोन केला. मदतीसाठी नव्हे, तब्येतीची चौकशी म्हणून. त्यांनी आपणहून सांगितलं, अरे सोपं आहे, लाल खूण केलेल्या भोकात स्प्रिंग घाल. नातीचं नेलपॉलिश आणून मुद्दाम खूण केलीय मी. दिसली ना?

म्हटलं, दिसली.

हे खोटं नाही. मंगळवारी दिसली होती.

दिवसभर संताप. खूण करायची तर खोदून करावी. पुसली जाते ती खूण कसली? तीस वर्षं नोकरी करून माणसाला एवढं कळू नये?

शुक्रवार, ७
शास्त्रशुद्ध पद्धत सुरू. कोष्टक आखलं. रकाने चार: भोक, आवाज, धूर, शेरा.
भोक १: मरगळलेला.
भोक २: वूं-उं.
भोक ३: एका सुरात. दाट गवतात नेलं, तोच सूर. चढावर नेलं, तोच सूर.

संशय आला. नऊ ओळींचं कोष्टक आणि तिसऱ्या ओळीत उत्तर? इतकं सोपं असतं तर मिस्त्रींना कोणी मिस्त्री म्हटलं नसतं. माळीणबाई लांबून ओरडल्या, झालं की रे, आता हात लावू नकोस! त्यांचं ऐकलं असतं तर सहा ओळी रिकाम्या राहिल्या असत्या. पुढे गेलो.

शनिवार, ८
कोष्टक पूर्ण. नवव्या भोकापर्यंत स्प्रिंग पोचत नव्हती, पकडीनं ओढून पोचवली. निष्कर्ष: भोक ३ बरोबर. परत तिसऱ्यात लावली.

वूं-उं-वूं.

काहीही बदललेलं नाही. फक्त स्प्रिंग पूर्वीपेक्षा लांब दिसते. हल्ली लोखंडाला दर्जाच राहिलेला नाही.

रविवार, ९
सुट्टी. दाजी म्हणाले, हॉलमधला पंखा कुरकुरतोय, आता घरातच मिस्त्री आहे तर बघू दे त्याला. ताई स्वयंपाकघरातून पळत आली. म्हणाली, नको हो, चालतोय तो.

सख्खी बहीण. जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो.

मंगळवार, ११. सकाळी १०.१५
नवी स्प्रिंग मागायची तर अर्ज करावा लागतो आणि अर्जात कारण लिहावं लागतं. 'स्प्रिंग आपोआप लांबली' असं लिहिलं. वाचलं. फाडलं.

मग अचानक मूळ सापडलं. वेग वर-खाली कोण करतो? गव्हर्नर. मग गव्हर्नर हवाच कशाला? पेट्रोल सोडणारी दांडी तारेनं घट्ट बांधून टाकली. आता वेग हलेलच कसा?

तोच दिवस. ११.४०
वेग हलला नाही. वरच राहिला.

हे मशीन स्वतःच्या चाकांवर पुढे जातं. ते मला घेऊन गेलं. आधी गवत, मग फरशी, मग मेट्रनबाईंचा शेवंतीचा वाफा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माळीणबाई मागून धावत ओरडत होत्या, हँडल सोड, अरे सोड, सोडलं की थांबतं ते! मी सोडलं नाही. जबाबदारीचा माणूस सोडत नाही. शेवटी कुंपण आलं.

दुसऱ्या मजल्यावर टाळ्या वाजल्या. ज्यांना उठायची मनाई आहे असे पेशंटसुद्धा खिडकीत उभे होते. त्याबद्दल मेट्रनबाई एक शब्द चांगला बोलल्या नाहीत. बाकीचे बरेच बोलल्या.

शुक्रवार, १४
मिस्त्री काळा चष्मा लावून आले. माळीणबाईंनी त्यांना सगळं आधीच सांगितलेलं. त्यांनी माझी तार सोडवली, पट्टी हातानं चाचपली आणि विचारलं, खूण कुठे गेली? म्हटलं, स्वच्छता केली. त्यांनी पट्टीवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले, एवढी चकचकीत पट्टी मी आयुष्यात बघितली नाही. आत्ताही नीट दिसत नाहीये म्हणा.

नवी स्प्रिंग त्यांच्या खणातच होती. मागायची नाही का रे, म्हणाले. माझ्या हातून तिसऱ्या भोकात बसवून घेतली. मशीन एका सुरात. म्हणाले, उद्या साहेब आले की चालू कर, नमस्कार कर, बाजूला हो. पोरा, जागा तुझीच आहे, फक्त हात खिशात ठेव.

यंत्रखोली माझी! घरी जाताना दाजींशी काय बोलायचं ते ठरवलं.

शनिवार, १५. सकाळी ९.५०
साहेब दहाला येणार. मशीन तापवून ठेवलं. सूर चांगला आहे. पण कान देऊन ऐकलं तर बारीक थरथर जाणवते. दुसऱ्या कोणाला कळणार नाही. मला कळते. एक छोटा स्क्रू आहे. अर्धा आटा फक्त.

दुपारी २
वूंऽऽ-उं-वूंऽऽ. साहेबांसमोर.

मिस्त्री डोळे मिटूनच म्हणाले, स्क्रू फिरवलाय कोणीतरी. माळीणबाई पुढे झाल्या, कमरेची चंची उघडली, त्यातल्या नाण्यानं अर्धा आटा मागे घेतला. एक सूर. साहेबांनी विचारलं, या कोण? मिस्त्री म्हणाले, अकरा वर्षं माझ्या रजेत मशीन यांनीच चालू ठेवलंय, साहेब.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं! एकानंही नाही!

किल्ल्या त्यांना. साहेबांनी माझं कोष्टक मात्र उचलून बघितलं. अक्षर छान आहे, म्हणाले.

सोमवार, १७
बढती. यापुढे पानं झाडणं फक्त सकाळी. दुपारी आवारातले बोर्ड रंगवायचे. 'गवतावर चालू नये' असे बारा झाले. हे काम इथे दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

चार वाजता माळीणबाई आल्या. यंत्रखोलीच्या दारासाठी बोर्ड हवा म्हणाल्या: विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नये. विचारलं, सुरुवातीला 'कृपया' घालू का? म्हणाल्या, घाल बाबा, तुला वाईट नको वाटायला.

सर्वांत देखणा बोर्ड हाच झाला. स्वतः ठोकला. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. डावीकडे किंचित कललेला. सरळ करायला हात वर केला, तर आतून बाईंचा आवाज आला, काय लिहिलंय रे त्यावर, वाच बघू मोठ्यानं.

वाचलं. हात खाली घेतला.

बोर्ड अजून कललेलाच आहे.