मालकाच्या बाजूने

प्रिय ताई,

तू काहीही म्हण, रविवारी मी गप्पा छाटायला जात नाही. आबांचे दोन माग विकल्यापासून आपल्याला पोटापाण्यापलीकडचं काही नको, हे तू तिसऱ्यांदा लिहिलंस. पण ऐक तरी. इथे शहरात नजरबाद भागात कृष्णमूर्ती म्हणून निवृत्त कामगार अधिकारी आहेत, ते घरीच वर्ग घेतात. कामगार-मालकांचं का बिनसतं, कसं जुळतं, यावर चर्चा. माझ्यासारखा सहावीत शाळा सोडलेलाही चालतो. आमच्या नंजनगूडच्या कारखान्यातले साहेबलोकही येतात. रीत अशी, की कामगाराने मालकाची बाजू मांडायची आणि साहेबाने कामगाराची.

गेल्या रविवारी बोनसवर माझी पाळी होती. पाठ केलेलं सगळं विसरलो. मग आबा आठवले. सूत उधारीचं, व्यापाऱ्याकडे पैसे अडकलेले, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी आपले दोघे कामगार बोनसची वाट बघत ओट्यावर बसून. आबा मागच्या दाराने निघून गेले होते, बघ. तेच सांगत सुटलो. आमचे अनंतकृष्ण साहेब तर टिपून घेत होते.

इथेच घोळ झाला. आमच्याकडे बोनसची बोलणी चालू आहेत. सोमवारी कारखानाभर झालं की भुजंग मालकाकडून बोलला. वर्गाची रीत सांगायला जावं तर लोक हसतात. संताजीराव युनियनचे जुने माणूस, पिढ्यान् पिढ्या इथलेच मराठे. त्यांनीच मला बोगादीत खोली मिळवून दिली. रोज बसमध्ये शेजारी बसायचे. परवा उठून पुढे गेले आणि एवढंच म्हणाले, "एनप्पा, काय रे बाबा, मालकाचं दुःख लई कळतं की तुला." डबा आता एकटाच खातो.

त्यात बुधवारी अनंतकृष्णांनी बोलावलं. दोन्हीकडचं समजणारा माणूस हवा, सुपरवायझर हो, म्हणाले. पगार जवळजवळ दीडपट. आईच्या मोतीबिंदूचंच आधी मनात आलं.

ताई, रागावू नकोस. तुला न विचारता मी आज नाही म्हणून आलो, म्हणून हे पत्र. ती जागा घेतली असती तर मी रविवारी विकला गेलो होतो असंच ठरलं असतं, आणि त्या वर्गात पुन्हा कुठल्या कामगाराने तोंड उघडलं नसतं. संताजीरावांना सांगितलं, तर तेही नाटकच वाटलं त्यांना. बरोबर केलं का, मलाच कळत नाही. आईचं ऑपरेशन या उन्हाळ्यात होत नाही, हे तिला तूच सांग, माझ्याने लिहवत नाही. मनीऑर्डर नेहमीचीच केली आहे, एकशे सत्तर रुपये.

तुझाच,
भुजंग