दहा लाख नऊ

सिंदी (रेल्वे), ३ जून १९९७

ती. वच्छलामावशीस हर्षाचा सा. न. वि. वि.

तू सुचवलेलं स्थळ काल येऊन गेलं. निकेशच्या आईनं भाकरी थापता येते का इथपासून सगळं विचारलं. मग पोरीलेही काही विचारू द्या, असं निकेशच म्हणाला. मी म्हटलं, दहा लाख नऊ ही संख्या दोन लहान संख्यांच्या गुणाकारात फोडून दाखवा. पंधरा दिवसांत फुटली तर मुकाट्यानं बोहल्यावर उभी राहते; नाही फुटली तर एम. एस्सी.ला नागपूरला जाते. पाहुण्यांसमोर बाबांनाही चेव आला. कापसाच्या गाठी मोजणाऱ्याले हा आकडा काय जड, म्हणत त्यांनी तिथंच पैज मान्य करून शब्द दिला. तेव्हापासून कॅल्क्युलेटर बडवताहेत आणि आईवर खेकसताहेत.

तुला म्हणून सांगते, ती फुटतच नाही. मी दोनशेपर्यंत भागून पाहिलंय, मग कंटाळा आला. मुलगा वाईट नाही गं, पण मला अजून शिकायचंय. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी हर्षा

आंजी (मोठी), १९ जून १९९७

चि. हर्षास अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा परवा येऊन गेले. निकेश हारला, आता पोरीले नागपूरले न्याच लागते, असं तोंड पाडून सांगत होते. मी त्यांना चहा पाजला आणि मनातून खूश झाले.

संध्याकाळी निकेश आला. चौथ्या दिवशीच आकडा फोडला म्हणे! हजाराचा वर्ग आणि तिनाचा वर्ग मिळून तुझी संख्या होते; नऊशे बहात्तर आणि दोनशे पस्तीसचे वर्ग मिळूनही तीच होते. अशी दोन रीतींनी जुळणारी संख्या फुटतेच, असं त्यानं समजावलं. माझ्या डोक्यावरून गेलं. पण २९३ गुणिले ३४१३ मी स्वतः करून पाहिलं, बरोबर आलं. तुझं दोनशेचं गुपित सांगितलं तर पोट धरून हसला.

मग हारला काऊन, असं मी विचारलं. म्हणाला, नागपूरचं नाव घेताना तिचं तोंड पाह्यलं मी, मावशी. शिकू द्या तिले, मी थांबतो. कळलं का, शहाणे? नीट अभ्यास कर आणि म्हातारीला आठवणीत ठेव.

तुझी मावशी

नागपूर, ७ जुलै १९९७

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पत्र मिळताच २९३नं भागलं. बाकी शून्य! आधी संताप आला, मग रडू आलं, मग एकटीच हसत बसले. मला तो आवडलाय मावशी, तुझ्यापासून काय लपवू? बाबांना मात्र इतक्यात काही कळू देऊ नकोस.

निकेशला माझा निरोप दे. आता दहा लाख तीन फोडून दाखव म्हणावं, आणि ती फुटेपर्यंत दुसरी मुलगी पाहायला जायचं नाही. या खेपेस मी हजारापर्यंत सगळ्यांनी भागून पाहिलंय, त्यापुढं पाहायची गरजच नसते. ती खरंच फुटत नाही. माझं एम. एस्सी. होईपर्यंत हे त्याला सांगू नकोस. आणि त्याला कळलंच, तर गप्प बसणं त्याला छान जमतं.

तुझ्या मायेची हक्कदार,
हर्षा