जुनी आवृत्ती, जुनं बियांग

बांडुंग, मंगळवार सकाळ

प्रिय अंबू,

आज प्रयोगशाळेत मी आनंदाने टेबलावर हात आपटला, तेव्हा आमच्या बाई, बू निंगसिह, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "इमास, लग्नबिग्न ठरलं की काय?" लग्नाहून मोठं आहे गं, ऐक.

निनी आजीने तुला लग्नात दिलेल्या बियांगमधलं, त्या जुन्या विरजणातलं, चिमूटभर मी इथे आणलं होतं ना? त्यातल्या यीस्टची जनुकं आम्ही यंत्रावर वाचली. यंत्र सलग वाचत नाही, फाटक्या पुस्तकासारखे तुकडे हातात देतं. ते जुळवायला आधीच पूर्ण वाचलेलं एखादं यीस्ट नमुना म्हणून शेजारी ठेवायचं. त्या नमुन्याच्याही आवृत्त्या निघतात. चुका सुधारल्या की अक्षरं कमीजास्त होतात आणि पुढच्या सगळ्या जनुकांचे पत्ते सरकतात. आमच्या दादानने तुकडे जुळवले जुन्या आवृत्तीवर आणि जनुकांचे पत्ते घेतले नव्या आवृत्तीतून. नवे घरक्रमांक घेऊन जुन्या गल्लीत हिंडण्यातला प्रकार. म्हणून साखर मोडणारं जनुक मधोमध तुटलेलं दिसलं, आणि तोच निकाल मी तुला फोनवर सांगितला.

आज आमची जुंपली. दादान म्हणे, "जुनीच आवृत्ती बरी, हाताला सवय आहे." मी हट्टाला पेटले. नवी आवृत्ती घेतली, पत्तेही तिचेच घेतले आणि सगळं पुन्हा जुळवलं. जनुक अख्खं निघालं, अंबू! दादान कान पकडून म्हणाला, "अंबूला सांग, तुटका मीच आहे."

कसाव्याचे कंद मुरवून केलेलं गोड प्यूयुम दोनदा आंबट झालं तेव्हा आत्या, बीबी ओओक, म्हणाली होती, "वहिनी, पाकिटातलं रागी, ते तयार विरजण, आण, तुझ्या हातचा गुण गेला." तिला तू हसण्यावारी नेलंस. पण माझ्या फोननंतर तू म्हणालीस, "सासूबाईंनी विश्वासाने दिलेलं माझ्या हातात मेलं." तेव्हापासून मला घास गोड लागत नव्हता. ते मेलेलं नाही, धडधाकट आहे. आंबटपणाचं कारण हल्ली तू नव्या मळ्यातून आणतेस त्या कसाव्यात शोध.

पाकिटाचं रागी तू आजच लावणार होतीस, आणि विरजण लावताना बोलायचं नाही ही आपली रीत, म्हणून फोन बंद ठेवला असशील. म्हणून ही चिठ्ठी मिनीबसवाल्या उजांगकडे देते आहे. वाचायला काही बोलावं लागत नाही. चुलीवरच्या फळीवरचं बियांग अजून टाकलं नसशील, तर नुसती मान हलव. उजांग बघून येऊन मला सांगेल.

तुझीच लेक, टेबल आपटणारी,
इमास