पहिल्या रांगेतला अनवाणी

बाबा, इटलीतल्या एका माणसानं माझ्या कामात चूक काढली आहे. ती दुरुस्त करायची की तशीच ठेवायची, हे मला रविवारच्या आत ठरवायचं आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली, तेव्हा काम काय ते आधी सांगावं लागेल. तुमच्या हयातीत सीताबर्डीच्या माझ्या दुकानात टेपरेकॉर्डर यायचे, टीव्ही यायचे. संगणक तुम्ही एकदाच पाहिलात, तोही झाकण काढलेला. वाकून आत बघत म्हणाला होतात, "एवढ्या तारा! अन् हा बिघडला म्हणजे नेमकी कोणती तार बिघडली, हे तुले कसं समजते गा?" मी म्हटलं होतं, समजतं. तुम्ही बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन ते दोघांना सांगितलंत, हे मला टपरीवाल्याकडून कळलं.

तर संगणकावर खेळायचा एक खेळ आहे, जुन्या रोमचा. आपण राज्य चालवायचं, गावं वसवायची, सैन्य उभं करायचं, लढायचं. ज्यांना जमतं ते लोक अशा खेळाच्या आतल्या फायली उघडून त्यात आपले बदल घालतात आणि जगभरच्या खेळणाऱ्यांना फुकट वापरायला देतात. त्याला मॉड म्हणतात. मला जमतं. कुठल्या क्लासात गेलो नाही, कॉलेज तर तुमच्यासमोरच सोडलं. तुम्ही फुटपाथवरून आणलेला, पाठीला खळ लावून चिकटवलेला तो इंग्रजी-मराठी शब्दकोश मांडीवर घेऊन मी या खेळाच्या फायली वाचत गेलो. तुम्ही तो नुसता दुकानाच्या काउंटरवर ठेवून निघून गेला होतात. आज पोलंडचा एक आणि ब्राझीलचा एक, दोघंही शिकलेले इंजिनियर, काही अडलं की मला विचारतात. ढालीचा मधला उंचवटा कोणत्या काळात लोखंडी, खंजीर कोणत्या कमरेला, कड्यांचं चिलखत खांद्यावर कसं दुमडतं, यातलं एकही मी अंदाजानं केलेलं नाही. करत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे.

रोमच्या सैन्यात आधी अशी रीत होती की ज्याच्याकडे काही मालमत्ता आहे त्यानंच लढायला यायचं, आणि हत्यार-चिलखत आपल्या पैशानं आणायचं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला रांगेत जागा नाही. पुढे ती अट गेली. सरकारनं हत्यारं दिली, भूमिहीन माणसंही शिपाई झाली. जुनी पुस्तकं म्हणतात की हे एका सेनापतीनं एका फटक्यात केलं. आताचे जाणकार म्हणतात की तसं नव्हे, हळूहळू होत गेलं. मूळ खेळात मात्र एक मोठी इमारत उभी राहिली की ही सुधारणा आपोआप लागू होते. सकाळी उठून पाहावं तर जुने शिपाई भरतीच्या यादीतून गायब, नवे हजर. खेळणाऱ्याला कोणी विचारतच नाही. मला ते पहिल्या दिवसापासून खटकलं. माझ्या मॉडमध्ये वेळ आली की एक चौकट उघडते आणि विचारते: ज्यांच्याकडे स्वतःचं काही नाही त्यांना रांगेत घ्यायचं का? हो म्हणा, नाही म्हणा. नाही म्हटलं तरी खेळ बंद पडत नाही, राज्य बुडत नाही. जुनं सैन्य घेऊनही जिंकता येतं. आणि हो म्हटलं तर पहिले काही हंगाम नव्या पलटणींची शिस्त कच्ची राहते, रांगा वाकड्या पडतात. ही सोय लोकांना सगळ्यात जास्त आवडली. पोलंडवाल्यानं विचारलं, ही कल्पना कोणत्या पुस्तकातली? मी लिहिलं, पुस्तकातली नाही.

ती विहाराच्या मैदानातली आहे, बाबा. मी एकोणीस वर्षांचा. रविवारची सकाळ, पाण्याच्या टाकीची सावली अर्ध्या मैदानावर. तुम्ही पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेले, आणि धम्मदीक्षेच्या दिवशी रस्त्यावरून संचलन करणारं आपल्या वस्तीचं पथक तुमच्या ताब्यात. पांढरा सदरा ज्याचा त्यानं शिवायचा, काळे बूट ज्याचे त्यानं आणायचे, बूट असतील त्यालाच रांगेत जागा. हा नियम तुमचाच. मी पहिल्या पगाराचे बूट घेतलेले, आणि आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून ते चमकवत होतो, कारण बल्ब तेवढा तिथलाच चांगला. माय ओरडत होती, "आयकलं का हो, तुमच्या शिपायाले उठवा इथून! चुलीपाशी पालिश घेऊन बसला हाये. वरणाले बुटाचा वास येऊन राहिला." तुम्ही बाहेरून म्हणालात, "खाऊन घेऊ वं. पथकाचं वरण हाये." पहिल्या रांगेत उजव्या टोकाला मी उभा राहायचो. त्या जागेला तुम्ही पलटणीतल्यासारखं दर्शक म्हणायचात. 'दाहिने सज' म्हटलं की सगळ्यांच्या माना उजवीकडे, माझ्याकडे, आणि माझ्या खांद्यावरून अख्खी रांग सरळ.

त्या वर्षी कन्हानहून रेती भरणारी काही माणसं आली. नदीतून ट्रकमध्ये रेती भरायची मजुरी, पायात काही नाही. त्यांनाही चालायचं होतं. तुम्ही हवालदार होतात, हुकूम सोडला असता तरी कोणी हूं की चूं केलं नसतं. तुम्ही पथकाला विचारलंत. "यांच्यापाशी बूट नाही. रांगेत घ्याचं का? ज्याले वाटते घ्यावं, त्यानं हात वर करा. ज्याले नाही वाटत, त्यानं नका करू. कोणाले काही म्हणणार नाही मी." बरेच हात वर गेले. माझा गेला नाही. तुम्ही पाहिलंत, आणि शब्द दिल्याप्रमाणे काही म्हणाला नाहीत. बोललो मीच. "बाबा, घ्यायचं तर घ्या, पण मागच्या रांगेत ठेवा. लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाहणार. पुढून सारखं दिसलं पाहिजे."

"काहून गा? रांग बुटाची हाये का माणसाची?"

"दोन्हीची. सारखेपणा नसेल तर संचलन कशाला? नुसतं चालत जाऊ ना."

कोणीतरी हसलं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्या कन्हानवाल्यांतल्या सगळ्यात उंच माणसाला दंडाला धरून आणलंत आणि माझ्या जागी उभं केलंत. मला म्हणालात, "तू एक घर डावीकडं सरक." मग मागं गेलात आणि आवाज दिलात, दाहिने सज. माझी मान वळली. इतके रविवार सगळे माझ्याकडे पाहत होते, आता मला त्याच्या खांद्याकडे पाहावं लागत होतं. तुम्ही जवळ येऊन हळूच म्हणालात, "आता सांग. त्याचे पाय दिसून राहिले का तुले?" दिसत नव्हते, बाबा. मान वळवून खांदा पाहणाऱ्याला पाय दिसत नाहीत.

रांग मात्र पुढचे काही रविवार वाकडीच पडत होती, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. त्या उंच माणसाचं पाऊल आधी लांब पडायचं आणि आमची सगळ्यांची फरफट व्हायची. माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच माझ्या खेळात नाही म्हणणाऱ्याला मी मूर्ख ठरवलेलं नाही. पण दीक्षेच्या दिवशी, तापलेल्या डांबरावरून, तो माणूस पाय न चुकवता चालला, आणि आमची रांग दोरी धरल्यासारखी गेली. तशी सरळ रांग मी त्यानंतर पाहिली नाही, पडद्यावरही नाही.

आता इटलीवाल्याची चूक. त्यानं चित्रावर लाल गोल काढून पाठवलं आहे. सुधारणेनंतरच्या पलटणीत पहिल्या रांगेत उजव्या टोकाचा शिपाई अनवाणी आहे. सरकार सगळ्यांना खिळ्यांच्या चपला देत असताना हा असा कसा? "तुमच्यासारख्या काटेकोर माणसाकडून ही अपेक्षा नव्हती," असंही त्यानं मला लिहिलं आहे. बरोबरच लिहिलं आहे. इतिहासाला धरून ते चूकच आहे. खेळात सगळे शिपाई एका साच्यातले असतात, फक्त अधिकारी आणि निशाणवाला यांच्या आकृत्या वेगळ्या करता येतात. त्या जागा वापरून मी त्याला मुद्दाम तिथं बसवला, आणि त्यासाठी आठवडे घातले. रविवारी नवी आवृत्ती बाहेर पडणार, आणि माझ्या मॉडमध्ये दाखवलेली चूक मी आजवर पुढच्या आवृत्तीत जाऊ दिलेली नाही. तोच माझा लौकिक आहे.

काल जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, घालून द्या ना त्याला चपला. पाच मिनिटांचं काम."

म्हटलं, "दोन मिनिटांचं."

"मग?"

मग मी तिला विहाराचं मैदान सांगितलं. तिनं विचारलं, "आजोबा खेळले असते तर काय दाबलं असतं?" मी म्हटलं, "त्यांनी आधी शिपायांना विचारलं असतं. तसं बटण करता येत नाही." ती हसली आणि ताट घेऊन उठली.

तो अनवाणीच राहणार, बाबा. इटलीवाल्याला दोन ओळी लिहिल्या: चूक मान्य आहे, दुरुस्ती होणार नाही. कारण दिलं नाही. कारण हे इथं लिहिलं, आणि हे काही पाठवायचं नाही.

एक गोष्ट मात्र त्यालाही दिसलेली नाही, पोलंडवाल्याला नाही, कोणालाच नाही. त्या अनवाणी शिपायाच्या डावीकडे, एक घर सरकून, निशाणवाल्याच्या जागेवर मी आणखी एक शिपाई बसवला आहे. त्याच्या चपलांचे पट्टे बाकीच्यांपेक्षा जरा जास्त चमकतात. सगळी पलटण समोर बघत असते, तेव्हाही त्याची मान थोडी उजवीकडे वळलेली असते.